पगार बरा, माणसं बरी, तरी काम आपलं का वाटत नाही? परात्मतेविषयी थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत काही वर्षं नोकरी, पगार बरा, टीममधली माणसं बरी, मॅनेजर त्रास देणारा नाही. तरीही रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटताना वाटतं की आज दिवसभर जे केलं त्यात आपलं असं काही नव्हतं. 'परात्मता' (इंग्रजीत एलिएनेशन, म्हणजे आपल्याच कामापासून तुटून परकं होणं) ही कल्पना तुमच्या वाचनात आली आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हा नुसता कंटाळा आहे का, कारखान्यातल्या मजुरांसाठी मांडलेली ही कल्पना एसीत बसणाऱ्याला लागू होते का, आणि नोकरी बदलली तर हे जाईल का.

मी पिंपरी-चिंचवड भागात बरीच वर्षं कामगार कल्याण अधिकारी होतो आणि आता कामगारांच्या शिबिरांमध्ये शिकवतो. या विषयावर वाचन भरपूर झालं, पण मला तो कळला तो शॉप फ्लोअरवर. म्हणून उत्तरही बरंचसं तिथूनच देतो.

कंटाळा आणि परात्मता या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून घ्या. स्वतःच्या शेतात खुरपायला बसलेला शेतकरी दुपारपर्यंत कंटाळतो, कंबर धरते, काम संपता संपत नाही. पण कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची, कधी उठायचं, हे तण आत्ता काढायचं की पाऊस पडून गेल्यावर, हे तोच ठरवतो आणि पीक काय आलं ते त्याला दिसतं. उलट, एखादा माणूस कामात इतका गुंततो की जेवायचंही भान राहत नाही, आणि तरी ते काम कशासाठी, कुणासाठी, कुणी ठरवलं याचा त्याला पत्ता नसतो. कंटाळा मनाला येतो. परात्मता कामाच्या मांडणीत असते, आणि मन तिचे परिणाम भोगतं. म्हणूनच वीकएंडला ट्रेकला जाऊन कंटाळा उतरतो, पण सोमवारी सकाळी परात्मता होती तिथेच असते.

कल्पनेचा उगम थोडक्यात सांगतो. कार्ल मार्क्सने 1844 साली पॅरिसमध्ये काही टिपणं लिहिली तेव्हा तो 26 वर्षांचा होता. ती त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, 1932 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे 1928 मध्ये मुंबईत लाल बावटा गिरणी कामगार युनियन उभी राहिली तेव्हा ती उभी करणाऱ्यांपैकी कुणीही हे लिखाण वाचलेलं असणं शक्य नव्हतं. त्या टिपणांत त्याने माणसाच्या तुटण्याच्या चार बाजू सांगितल्या. आपण जे बनवतो त्याच्यापासून आपण तुटतो, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचं होऊन आपल्यासमोर परक्यासारखं उभं राहतं. बनवण्याच्या क्रियेपासून तुटतो, कारण ती आपल्या म्हणण्यानुसार चालत नाही. विचार करून, मनात आकृती आणून काही घडवण्याची जी माणसाची खास शक्ती, तिच्यापासून तुटतो. आणि शेवटी शेजारच्या माणसापासून तुटतो, कारण तो आपला सोबती न राहता स्पर्धक किंवा पहारेकरी होतो.

या चारांतली दुसरी बाजू लोकांना सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त लागते, असा माझा अनुभव आहे. वस्तू आपल्या मालकीची नाही याचं दुःख करणारा कामगार मला फारसा भेटला नाही. गाडीचा गिअर घरी नेऊन करायचं काय? पण 'कसं करायचं' हे हातातून गेलं की माणूस आतून बसतो.

एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनवर, एक जुने ऑपरेटर होते. शाफ्टचा बाहेरचा व्यास काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवायचा असे. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, घासत जातं तसा व्यास हळूहळू वाढतो. गेज लावलं की ते कळतंच, पण या गृहस्थांना त्याआधी कळायचं. कापतानाचा आवाज किंचित किरकिरा होतो, चिपची, म्हणजे निघणाऱ्या धातूच्या किसाची, गुंडाळी वेगळी पडते, तिचा रंग बदलतो. मग ते कंट्रोलवर जाऊन ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या जागेच्या आकड्यात, दोन-तीन मायक्रॉनची दुरुस्ती करायचे आणि पुढचा पीस पुन्हा मापाच्या बरोबर मध्यावर यायचा. त्यांच्या मशीनचं रिजेक्शन नगण्य होतं. नव्या ट्रेनी मुलांना ते डोळे मिटून आवाज ऐकायला लावत.

पुढे ग्राहकाच्या ऑडिटमध्ये मुद्दा निघाला की ऑपरेटर आपल्या मनाने ऑफसेट बदलतात. कंट्रोलला किल्ली बसली आणि किल्ली सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याकडे, गेली. किती पीसनंतर इन्सर्ट बदलायचा याचा आकडा ठरला, तो मशीनच मोजू लागलं आणि वेळ झाली की दिवा लावू लागलं. काम सोपं झालं, इन्सेन्टिव्हही थोडा वाढला. आणि काही महिन्यांनी हे गृहस्थ माझ्याकडे स्टोअरमध्ये बदली मागायला आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, आवाज मला अजून कळतो. पण कळून करायचं काय?"

कंपनीची बाजू खोटी नव्हती. प्रत्येक बदलाची नोंद असावी ही ग्राहकाची मागणी रास्त होती. पण नोंदीची सक्ती करूनही ऑफसेट ऑपरेटरच्या हातात ठेवता आला असता, शीटमध्ये दोन रकाने वाढले असते इतकंच. तो पर्याय कुणी मांडला नाही, कारण जिथे हे ठरलं त्या बैठकीत मशीनवर उभं राहणारं कुणीच नव्हतं. परात्मता अशी येते. तिच्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. ठरवणं एकीकडे आणि करणं दुसरीकडे गेलं की पुरे.

ही फारकत मुद्दाम केलेली आहे, तिला इतिहास आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने 1911 च्या पुस्तकात ती उघडपणे मांडली: कामाचा विचार व्यवस्थापनाने करायचा, कामगाराने सांगितलेलं अमलात आणायचं. हेन्री फोर्डने 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन लावली. गाडीची चॅसी (सांगाडा) जोडायला लागणारे साडेबारा तास पुढच्या काही महिन्यांत दीड तासावर आले. आणि त्याच वर्षी नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 370 टक्क्यांपर्यंत पोचलं, म्हणजे एका जागेसाठी वर्षात जवळजवळ चार माणसं लागत होती. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले ते यासाठी. पगार वाढला, माणसं टिकली, लाइन तशीच राहिली. तुमच्या 'पगार बरा आहे, तरी...' या वाक्याचं उत्तर मला तिथे दिसतं. चांगला पगार बऱ्याचदा परात्मतेची भरपाई असतो. भरपाई घेण्यात काही गैर नाही, घ्यावीच, पण तिने मूळ नुकसान भरून निघत नाही.

आता असं म्हणतात की यंत्रयुग आलं की हे होणारच, मोठ्या उत्पादनाला दुसरा मार्ग नाही. मला हे मान्य नाही, आणि त्याचं कारण आपल्या शेजारीच आहे.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते. यंत्रं नवी, तरी उत्पादन वाढत नव्हतं आणि कापडातले दोष कमी होत नव्हते. 1953 मध्ये कामाच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. मागांच्या त्या खात्यात 224 माग होते, 29 कामगार, आणि त्यांच्यात 12 वेगवेगळ्या कामांची वाटणी. गंमत त्या वाटणीत होती. विणकराकडे सुमारे 30 माग, बॉबिन भरणाऱ्याकडे सुमारे 50, तुटलेला ताणा जोडणाऱ्याकडे पाऊणशेच्या आसपास. म्हणजे विणकराचा माग बंद पडला की जो माणूस यायला हवा तो इतर कितीतरी विणकरांचाही असे, आणि कुणाकडे आधी जायचं हे त्या दोघांच्या हातात नसे. सगळे एका छपराखाली, पण कुणीच कुणाचं सोबती नाही. मार्क्सची चौथी बाजू इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सूचना साधी होती: ठराविक माग एका छोट्या गटाकडे सोपवावेत आणि गटाने आतली कामं आपसात वाटून घ्यावीत. पुढचं काम कामगारांनीच केलं. साधारण 64 मागांना सात जणांचा एक गट, आणि कोण कुठल्या गटात हे त्यांनी आपसात बोलून ठरवलं, तेही अपेक्षेपेक्षा फार लवकर. सुरुवातीची धांदल सरल्यावर उत्पादन वाढलं, दोष घटले. यंत्रं तीच, माणसं तीच. 1970 मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका ठिकाणी गटपद्धत टिकून होती, बाकी ठिकाणी ती बरीचशी विरून जुनी वाटणी परत आली होती. बाजार बदलला, सूत बदललं, ताण वाढला की वरचे लोक आधी निर्णय आपल्याकडे ओढून घेतात. मिळालेला अधिकार सांभाळावा लागतो, तो आपोआप टिकत नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलताना जातीला वगळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त असे, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण अगदी ठोस होतं. धोट्यात (मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळ्यात) सुताची नवी कांडी घातल्यावर सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तो धोटा दुसऱ्याही विणकराच्या हातात, तोंडात जाई. एकाच मालकाकडे, एकाच भोंग्यावर येणारे कामगार त्या धोट्यापाशी एकमेकांना परके होते. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. पुढे 1936 मध्ये, लाहोरला जे भाषण त्यांना करू दिलं गेलं नाही आणि जे त्यांनी स्वतः छापलं, त्यात त्यांनी म्हटलं की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी आहे एवढंच नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्याच ओघात ते सांगतात की जन्माने माथी मारलेला आणि लोकांच्या नजरेत हलका ठरलेला व्यवसाय करणाऱ्याचं मन त्या कामात राहूच शकत नाही, तो त्यातून सुटायचा मार्ग शोधत राहतो. कारखाना यायच्या कितीतरी आधी या देशात परात्मता जन्माबरोबर मिळत होती. आजही गटारात उतरणारा माणूस कोणत्या समाजातून येतो ते पाहा. त्याची परात्मता तुमच्या-माझ्या परात्मतेच्या रांगेत बसवणं मला पटत नाही, तिथे आधी जिवाचा प्रश्न आहे.

समाजाच्या बाजूचं आणखी एक सांगायला हवं. गिरणगावातला, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या भागातला, कामगार साच्यावर (यंत्रावर) पूर्णपणे भोंग्याच्या ताब्यात होता. बदली कामगार तर रोज पहाटे गेटवर जाऊन आज काम आहे की नाही ते विचारायचा. तरी लालबाग-परळात तो एकटा नव्हता. एका गावचे लोक एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपत, दुपारपाळीवाला उठला की त्या जागी रात्रपाळीवाला. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे. संध्याकाळी भजनी मंडळ, व्यायामशाळा, नाटकाची तालीम. कामावर जे तुटायचं त्याची सांधणी चाळीत होत असे. ती चाळ सगळ्यांना सारखी खुली नव्हती, वर सांगितलेली जातीची भिंत तिथेही होती, हे विसरून गिरणगावाची आठवण काढू नये. पण सोबत होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या बंद होत गेल्या. तेव्हा गेली ती फक्त नोकरी नव्हती, ही सांधणीही गेली. हिंजवडीत नेमकं उलटं आहे. काम वरवर मोकळं, पण वाकडमधल्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव दारावर वाचून कळतं. कामावर तुटलेलं सांधायला जागाच नाही, म्हणून सगळा भार पुन्हा कामावरच येतो: कामाने पैसा द्यावा, मित्र द्यावेत, आयुष्याला अर्थही द्यावा. एवढं कुठल्याच नोकरीला झेपत नाही.

आता तुमच्या कामाकडे येतो. तुम्ही लिहिलं आहे की तुमच्याकडे टिकिट, म्हणजे एका छोट्या कामाची नोंद, येतं, तुम्ही ते सोडवता, ते बंद होतं. ज्या प्रणालीचा तो भाग आहे ती परदेशातल्या एका विमा कंपनीची आहे आणि ती वापरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलेला नाही. काय बनवायचं ते प्रॉडक्टवाले ठरवतात, कसं बनवायचं ते आर्किटेक्ट ठरवतो, किती वेळात ते स्प्रिंट, म्हणजे काही आठवड्यांचा आखलेला टप्पा, ठरवतं. लिहिलेला कोड करारानुसार क्लायंटचा. टाइमशीटमध्ये दिवस अर्ध्या-अर्ध्या तासात कापलेला. शेजारच्या सहकाऱ्याशी तुमचं नातं वर्षअखेरच्या रेटिंगमध्ये कुणाचा नंबर वर लागतो यावर येऊन थांबतं. त्या सीएनसी ऑपरेटरची जागा आणि तुमची जागा यात खुर्ची आणि एसी सोडला तर फरक काय, हे शांतपणे पाहा. तुमच्याकडे एक गोष्ट मात्र जास्त आहे. लेथवाल्याला फक्त हात आणि कान द्यावे लागत होते, तुम्हाला उत्साहही दाखवावा लागतो. कॉलवर हसरा चेहरा, 'आपलं कुटुंब' म्हणून टाउनहॉल. 1983 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की भावनाही विकल्या जातात आणि विकता विकता आपल्याच भावनेवरचा आपला विश्वास उडतो. पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये रात्री दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या उच्चारात बोलणाऱ्या मुलामुलींना हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होय, लागू होते, आणि अगदी मूळ अर्थाने लागू होते.

एक सावधगिरी. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, सुट्टीतही आणि प्रिय माणसांतही काहीच वाटेनासं झालं असेल, तर त्याला परात्मता म्हणून तत्त्वज्ञानात गुंडाळू नका, डॉक्टरांना भेटा. त्याचप्रमाणे कामाचा बोजा अतोनात असेल तर तो बोजा आहे, तो कमी करून घ्यायचा. या तिन्हींची सरमिसळ झाली की इलाज चुकतो. कंपन्यांमधली ध्यानाची आणि 'पॉझिटिव्ह राहा' छापाची शिबिरं बोजाला आणि परात्मतेला मनाचा दोष ठरवतात, म्हणून मला ती खटकतात. ध्यानाबद्दल माझी तक्रार नाही. किल्ली सेटरकडेच ठेवून ऑपरेटरला प्राणायाम शिकवायला माझा विरोध आहे.

करायचं काय? पंधरा दिवस एक वही ठेवा आणि रोजच्या कामात कुठला निर्णय कुणी घेतला एवढंच लिहा. भावना लिहू नका. बहुतेकांना आढळतं की दोन-तीन निर्णय असे आहेत जे अगदी सहज त्यांच्याकडे असू शकले असते आणि केवळ सवयीने वर गेलेत: अंदाज किती तासांचा द्यायचा, चाचणी कशी करायची, कुठला जुना भाग आधी साफ करायचा. त्यातला एक निवडा आणि तो टीमकडे मागा. एकट्याने मागू नका, चौघांनी मिळून मागा. एकट्याने मागितलं की ती तुमची 'अडचण' ठरते, चौघांनी मागितलं की ती कामाची पद्धत ठरते. कॅलिकोत बदल घडला तो गटामुळे.

शक्य असेल तर तुकड्याऐवजी अख्खं काम मागा. छोटं चालेल, पण सुरुवातीपासून वापरणाऱ्याच्या हातात जाईपर्यंत तुमच्या गटाकडे राहणारं. आणि ती प्रणाली वापरणाऱ्या एखाद्या माणसाचा अर्ध्या तासाचा कॉल ऐकायला मागा. विम्याचा दावा भरताना कुठल्या स्क्रीनवर म्हातारा माणूस अडतो ते एकदा ऐकलंत की टिकिटातली ती ओळ पुन्हा तशी दिसत नाही.

वेळेचा प्रश्न वेगळा लढवावा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं सभा आणि अर्ज करून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, समाजाच्या कामासाठी माणसाला एक दिवस हवा, अशी त्यांची बाजू होती. मला त्यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. सुट्टी विश्रांतीसाठी मागितली होतीच, पण माणसांत जाण्यासाठीही मागितली होती. रात्री दहाला येणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही हे टीमने मिळून ठरवा, आणि तो वाचलेला वेळ पुन्हा स्क्रीनसमोर न घालवता जिथे तुमचं म्हणणं मोजलं जातं अशा ठिकाणी घाला. सोसायटीची पाण्याची समिती असो, वाचनालय असो, ढोलपथक असो.

राहिला तिसरा प्रश्न. नोकरी बदलून परात्मता जाते का? मांडणी तीच असेल तर सहा महिन्यांत परत येते, नव्या पगाराचं अप्रूप संपेपर्यंत फक्त दबून राहते. म्हणून मुलाखतीत पगाराबरोबर आणखी काही विचारून घ्या. अंदाज कोण देतं? काम चुकलं की बैठक कुणाची होते, आणि त्या बैठकीत कोड लिहिणारा असतो का? मागच्या वर्षात टीमच्या सांगण्यावरून बदललेली एखादी गोष्ट सांगा. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस लगेच उदाहरण देतो की इकडे-तिकडे पाहतो, एवढ्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना ठरवायला सांगतो. इकडे-तिकडे पाहिलं आणि तरी पैशाची गरज म्हणून ती नोकरी घ्यावी लागली, तर घ्या. पण वही तिथेही पहिल्या आठवड्यातच सुरू करा.